चीनला निघालेली हिर्डोशीची पेटी

भोरच्या दवाखान्यात नर्सचं काम करणाऱ्या सगुणाबाईंना माणसं आवडत नसत. यात लपवाछपवी काही नव्हती. पायरी चढून येणाऱ्याकडे त्या पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेत, आणि त्या बघण्यानंच निम्म्या लोकांचा खोकला थांबे. कुणी जखमेत तंबाखू दाबून आलं, कुणी शेण थापून आलं, कुणी पोराच्या पोटावर डाग देऊन मग औषधाला आलं, की त्यांच्या ओठाचा एक कोपरा जरासा खाली जाई. तेवढंच. रागावण्याइतकी किंमत त्या कुणाला देत नसत.

खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकतही नव्हतं. वेल्ह्याकडच्या डोंगरातून लग्न होऊन त्या भोरात आल्या आणि दोनतीन वर्षांतच नवरा पटकीनं गेला. सासऱ्यानं अंगावरचे दागिने उतरवून घेतले आणि सुनेला माहेरी पोचवायला गाडी जुंपली. सगुणाबाई त्या गाडीत मुकाट्यानं बसल्या, नसरापूरला पाणी प्यायच्या निमित्तानं उतरल्या आणि पुण्याच्या मोटारीत जाऊन बसल्या. गाडीवान गेनू संध्याकाळपर्यंत विहिरीपाशी वाट बघत होता म्हणतात. पुण्यात त्यांनी लोकांची भांडी घासली, मग नर्सिंग शिकल्या, आणि परत आल्या त्या पायात चपला आणि हातात चामड्याची बॅग घेऊनच. आल्या त्याही भोरातच. ज्यांनी हाकललं त्यांच्या नाकासमोर चालून दाखवायचं, एवढाच त्यामागचा विचार.

मग भोरला त्यांची गरज पडू लागली. अडलेली बाळंतीण असली की बड्याबड्या घरचे लोक त्यांच्या दारात उभे राहत. 'बाई, तुम्हीच आमची देवी,' असं म्हणत. मूल रडलं की देवीचं काम संपे. बारशाला त्याच घरातून त्यांना बोलावणं नसे, कारण बोडकी नसली तरी विधवाच ती. सगुणाबाईंनी याचं कधी दुःख केलं नाही, निदान दाखवलं तरी नाही. असल्या घरांचे लाडू त्यांना नकोच होते.

अशी बारा वर्षं गेली. मग चीनचं प्रकरण निघालं.

जपाननं चीनवर स्वारी केली होती, आणि आपल्याकडचे डॉक्टर औषधं घेऊन बोटीनं तिकडे निघाले होते, ही बातमी पुण्याच्या वर्तमानपत्रातून भोरात आली. गावातल्या निम्म्या लोकांना चीन म्हणजे साखर किंवा चिनी मातीच्या बरण्या एवढंच माहीत. पण आनंदरावांना माहीत नाही असं काही नव्हतं. भर पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं, अंगावर लांब कोट होता, आणि शंका नावाची गोष्ट त्यांच्या डोक्याच्या आसपास कधी फिरकली नव्हती. दोन दिवसांत त्यांनी एक समिती काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि दुकानाच्या फळीवर उभं राहून सांगून टाकलं, की भोरची पेटी चीनला जाणार म्हणजे जाणार. पेटीत काय, तर जखमेवर बांधायच्या पट्ट्या. कापड आनंदराव स्वतः देणार.

कापड म्हणजे काय, तर मांजरपाट. दोन वर्षं दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेला, कडा उंदरांनी कातरलेला, खळीनं पत्र्यासारखा ताठ झालेला. सगुणाबाईंनी ती थानं उलगडून बघितली, बोटाला लागलेली धूळ आनंदरावांसमोरच रुमालाला पुसली आणि म्हणाल्या, "दान चांगलं आहे. माळाही रिकामा झाला."

"कापड हे कापड असतं, नर्सबाई," आनंदराव म्हणाले. त्यांना टोमणा लागला नाही. त्यांना कुठलाच टोमणा कधी लागला नाही. "भावना बघायची. आणि तुम्हाला एक सांगतो. मुंबईची समिती आता दुसरी तुकडी पाठवणार आहे, त्यात नर्सही हव्यात. ज्या गावाची मदत पसंत पडेल त्या गावच्या माणसाला आधी घेणार. आपली पेटी पहिल्या झटक्यात पास झाली की मी तुमचं नाव घालतो. बोटीचा खर्च माझा. शब्द दिला म्हणून समजा."

 दवाखान्यात परत येऊन सगुणाबाईंनी शाळेतून जगाचा नकाशा मागवला आणि बाळंतिणींच्या खोलीत खाटेवर पसरला. बोटीची वाट बोटानं काढत त्या चीनपर्यंत गेल्या. तिथं पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या एवढ्या मोठ्या देशात आपण कुणाची सून होतो हे विचारणारं एक माणूस नसेल. आपलं पांढरं लुगडं म्हणजे नर्सचा पोशाख, एवढंच लोक समजतील. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. आनंदरावांच्या शब्दाची किंमत त्यांना नीट ठाऊक होती. पण भोरातून बाहेर काढणारं दार दुसऱ्या कुणी उघडलं नव्हतं, आणि हे दार आनंदरावांच्या हातात होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, पेटीत नाव ठेवायला जागा ठेवायचीच नाही.

त्यांच्या मनातून हे काम दवाखान्याच्या मागच्या पडवीत, दोन शिकवलेल्या बायांना घेऊन उरकायचं होतं. पण आनंदरावांना त्यात शोभा दिसेना. पट्ट्या डोंगरातल्या भगिनींनीच वळायला हव्यात, असा त्यांचा हट्ट. हिर्डोशीच्या पाटलाचा त्यांच्या दुकानाशी घरोबा होता, म्हणून थानं हिर्डोशीला गेली, आणि थानांच्या मागोमाग बैलगाडीत बसून, नीरेच्या काठाकाठानं दिवसभर हाडं खिळखिळी करून घेत, सगुणाबाईही गेल्या.

हिर्डोशीत भात झोडून झालं होतं आणि बाया मोकळ्या होत्या. पाटलीणबाई बनाबाई हिनं सगळ्यांना शाळेच्या ओट्यावर गोळा केलं होतं. बनाबाई अंगानं आडवी, आवाजानं मोठी आणि दातांनी मिश्रीमुळं काळी. तिनं सगुणाबाईंना बसायला घोंगडी टाकली, ती त्यांनी बाजूला सारली.

"आधी हात दाखवा," त्या म्हणाल्या.

बायांनी हात पुढं केले. सगुणाबाईंनी ते बघितले आणि नखं काढल्याशिवाय कुणी कापडाला शिवायचं नाही, असं सांगितलं. मग त्यांनी शिकवलं. मांजरपाट लग्नातल्या मोठ्या तपेल्यात खळ निघेपर्यंत उकळायचा. जमिनीवर न टाकता दोरीवर वाळवायचा. कात्री न लावता उभा धागा धरून फाडायचा, कडेची सुतं ओढून टाकायची, आणि पट्टी मांडीवर न वळता धुतलेल्या फळीवर घट्ट वळायची. मांडी हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की बायांनी आपापल्या मांड्या पदरानं झाकून घेतल्या.

"व्हय बाई," बनाबाई दर वाक्याला म्हणे.

"नुसतं व्हय नको. ती जखम कुणाची असेल? तुमच्या पोराची असती तर असल्या हातानं बांधली असती का?"

"न्हाई बाई."

"बांधली असती. मी रोज बघते."

बाया हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. पण चीनमधली ती पोरं आपल्या पोरांसारखीच, ही गोष्ट त्यांच्या मनात शिरली ती शिरलीच. दुपारच्या भाकरीला बसल्या की त्यांचं तेच चाले. कुठं असतंय चीन, हिर्डोशीचा वरंधा घाट उतरलं की लागतंय का, तिथं भात पिकतंय का, त्यांच्या आया त्यांना भेटायला जात असतील का. भात पिकतं आणि तेच खातात, असं सगुणाबाईंनी सांगितल्यावर तर बायांना ते लोक आतेमामेभाऊच वाटू लागले. सगुणाबाईंना या बडबडीचा कंटाळा येई. त्या लांब बसून आपल्या पट्ट्या आपण वळत, आणि अधूनमधून उठून दुसऱ्यांच्या तपासत.

आणि वाईट गोष्ट अशी, की तपासून दोष सापडेना. मिश्री लावणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या या बायांनी पट्ट्या अशा वळल्या, की पुण्याच्या शिकाऊ नर्सना लाज वाटावी. सगुणाबाईंनी एकेक गुंडाळी दाबून बघितली, हुंगून बघितली, उजेडाला धरली. काही नाही. त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण ज्यांना आपण दगड समजतो त्यांनी पहिल्या नंबरानं पास व्हावं, हे त्यांना जरा झोंबलंच. "ठीक आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

लाकडी पेटी आतून पुसून, कागद लावून तयार होती. सगळ्या गुंडाळ्या त्यांनी स्वतः तीत रचल्या आणि झाकण नुसतं ठेवलं. सकाळी खिळे मारायचे होते. पण सकाळी वरच्या वाडीतून बोलावणं आलं, कुणाची तरी सून पहाटेपासून अडली होती. सगुणाबाई शिव्या देत डोंगर चढल्या, बाळंतिणीला मोकळं करून उन्हं वर आल्यावर परतल्या, तोवर पाटलांनी खिळे मारून पेटी गाडीवर चढवली होती. बैल जुंपले होते. बाया रस्त्यावर गोळा झाल्या होत्या आणि लेकीला सासरी धाडताना करतात तशी तोंडं करून उभ्या होत्या. सगुणाबाईंना ते ध्यान बघून हसू आलं. त्या गाडीत चढल्या. पेटी पुन्हा उघडून बघावी असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण आपण तपासलेल्या गोष्टीत खोट राहते, हा अनुभव त्यांना नव्हता.

भोरात पेटीला हार घातला गेला. आनंदरावांनी दुकानापुढं मांडव टाकला, पुण्याहून फोटोवाला आणला आणि पेटीवर हात ठेवून तासभर भाषण केलं. त्यात मावळच्या मातीचा उल्लेख बराच झाला, पट्ट्या वळणाऱ्या बायांचा एकदा झाला आणि सगुणाबाईंचा राहून गेला. मग आनंदराव जातीनं पेटी घेऊन मुंबईला गेले.

इकडं सगुणाबाईंनी तयारी केली. चामड्याच्या बॅगेला नवा पट्टा शिवून घेतला. चुलतजावेनं इतक्या वर्षांनी एकदा दारात येऊन विचारलं, "खरंच का हो काळं पाणी ओलांडणार?" तेव्हा त्या म्हणाल्या, "भोरचं पाणी प्यायले ते पचलं, मग काळ्याला काय भ्यायचं?" आणि दार लावून घेतलं.

आनंदराव आठवड्यानं आले. पेटीही आली.

दवाखान्यातला शिपाई धावत सांगायला आला तेव्हा सगुणाबाई एकाचा फोड कापत होत्या. तो पुरा कापून, धुऊन, बांधून त्या दुकानात गेल्या. पेटी मागच्या खोलीत उघडी पडली होती आणि आनंदराव गादीवर बसून पंख्यानं वारा घेत होते.

"भोरची अब्रू गेली," ते म्हणाले. "चार माणसांत गेली. तिथले मोठे डॉक्टर, एक गोरी बाई, सगळे समोर उभे. झाकण काढलं आणि ती बाई नाकाला रुमाल लावून मागंच सरली. रक्तानं भरलेल्या पट्ट्या! वापरलेल्या! नर्सबाई, तुमच्यावर विश्वास टाकून..."

सगुणाबाईंनी पेटीत हात घातला. वरच्या थरात फुटलेल्या नारळाच्या करवंट्या होत्या. नारळाचं पाणी सगळीकडं झिरपलं होतं, आंबलं होतं, त्यात तांदळाचे दाणे फुगून चिकटले होते आणि मुंग्या लागल्या होत्या. प्रत्येक गुंडाळीच्या टोकाला लाल, तपकिरी डाग पसरला होता. त्यांनी एक गुंडाळी उचलून नाकाशी नेली.

"हे रक्त?" त्या म्हणाल्या.

"डॉक्टर तसं म्हणाले."

"डॉक्टर म्हणू देत. तुम्ही काय म्हणता? तुमच्या घरी बायको आहे, दोन सुना आहेत. रोज सकाळी त्या कपाळाला काय लावतात, रक्त?"

आनंदरावांनी पंखा खाली ठेवला. "कुंकू असावं," ते हळूच म्हणाले. "मला तिथं वास आला होता. हळदीचा."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार हो? सगळे इंग्रजीत बोलत होते. आमच्याकडच्या बाया पट्ट्यांची पूजा करतात, नारळ ठेवतात, अक्षता टाकतात, असं सांगू? आम्हाला अगदीच रानटी समजले असते."

"मग काय सांगितलंत?"

आनंदराव बाहेर गिऱ्हाईक आलंय का ते बघू लागले. बाहेर कुणी नव्हतं.

"नर्सची नजरचूक झाली म्हटलं," ते म्हणाले. "नर्सची चूक म्हणजे एका माणसाची चूक. ती कुठंही होते. त्यात गावाला कमीपणा नाही."

सगुणाबाईंनी हातातली गुंडाळी पेटीत परत ठेवली. आयुष्यात त्यांनी पुष्कळ माणसं तुच्छ ठरवली होती, पण त्यांना कळलं, की त्यात घाई झाली. खरा नग इतके दिवस पेठेत लांब कोट घालून बसला होता आणि त्याच्या शब्दावर आपण बॅगेला पट्टा शिवून घेतला.

"माझं नाव?" त्यांनी विचारलं. उत्तर ठाऊक असूनही विचारलं, याचा त्यांना पुढं फार राग येई.

"आता ते कसं काढणार, तुम्हीच सांगा. पुण्याच्या एका नर्सला घेतलं त्यांनी. बरं, अगदीच फुकट गेलं नाही हां. एका कोपऱ्यात फडक्यात बांधलेल्या थोड्या गुंडाळ्या वेगळ्या होत्या, स्वच्छ, कोरड्या. त्या बाईनं त्या हातात घेऊन बघितल्या आणि ठेवून घेतल्या. म्हणाली, या उत्तम आहेत. तेव्हा भोरच्या पट्ट्या चीनला गेल्या, असं आपल्याला सांगता येईल. मी सांगणारच आहे."

आणि ते त्यांनी सांगितलंही. पुढं कितीतरी वर्षं सांगितलं. मांडवातला फोटो चौकट करून दुकानात लावला आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण चीनला कसं वाचवलं ते ऐकवलं.

फडक्यातल्या त्या गुंडाळ्या कुणाच्या, हे सगुणाबाईंना विचारायची गरज नव्हती. उरलेल्यांत त्यांनी आपल्या हातची वळणी शोधली, एकही सापडली नाही. म्हणजे त्या गावंढ्या बायांनाही कळलं होतं तर. कुंकवाचा धुडगूस घालतानासुद्धा त्यांनी चांगलं काम ओळखून बाजूला काढलं होतं, फडक्यात जपून बांधलं होतं. त्या सगळ्या चिखलात ही एक गोष्ट सगुणाबाईंना जरा उभारी देणारी वाटली, आणि तिच्या जोरावर त्यांनी डाग पडलेल्या गुंडाळ्या पोत्यात भरल्या आणि पुन्हा हिर्डोशीची गाडी धरली. बायांच्या पुढ्यात ते पोतं ओतायचं आणि असं बोलायचं, की जन्मात विसरू नयेत, असा त्यांचा बेत होता.

पोतं त्यांनी शाळेच्या ओट्यावर ओतलं. बाया जमल्या. बनाबाईनं डागाळलेली एक गुंडाळी उचलली आणि तिचं तोंड पडलं.

"परत आली व्हय?"

"परत आली. रक्त समजले लोक. तुमच्या हातांनी माझं नशीब पुसलंत तुम्ही. मी सांगितलं होतं ना, स्वच्छ ठेवायचं? कुणी लावायला सांगितलं कुंकू?"

"सांगाया कशाला पायजे, बाई?" बनाबाई खरोखरच गोंधळली होती. "कोरं कापड बोट लावल्याबिगर कुनाला देत्यात का? बिनकुंकवाचं धवळं कापड मढ्यावर घालायचं. ती पोरं तर जित्ती हायती. तुमीच म्हनलात, आपल्या पोरासारकीच समजा. मंग आमी आपल्या पोराला तसंच कोरं नेसवू का? म्हून तुमी वर गेलात तवा समद्यांनी एकेक बोट लावलं, वटीचा नारळ ठिवला. लवकर बरी व्हावीत म्हून."

कुणी खुळेपणा केला तर सगुणाबाईंची जीभ लगेच चाले. आता ती चालेना, कारण यात खुळेपणा नेमका कुठं होता तो चटकन बोटानं दाखवता येईना. पण त्या बोलल्याशिवाय जाणाऱ्यातल्या नव्हत्या.

"मग सगळ्यांनाच का नाही फासलंत? माझ्या बऱ्या बाजूला काढल्यात," त्या म्हणाल्या. "फडक्यात बांधून ठेवल्यात. चांगल्या कामाची अक्कल होती ना तेवढी?"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एकजण उठून आत गेली. बनाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"त्ये तसं न्हाई, बाई."

"मग कसं?"

"तुमच्या हातच्याला कुक्कू कसं लावायचं, म्हनून ऱ्हायलं त्ये. तुमी काय वाईट वाटून घेऊ नगा. आन् आमच्यात मिसळू बी नयेत, म्हून अलग बांधल्या. टाकाया मन झालं न्हाई. कुनी मेलं-बिलं तर लागंलच की त्यास्नी, असं म्हनलं."

 सगुणाबाईंच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, बारा वर्षांत त्यांनी चेहऱ्याला चांगली शिस्त लावली होती. पण आतून त्या जळून गेल्या. दागिने उतरवून घेणाऱ्या सासऱ्यानं त्यांना एवढं केलं नव्हतं. त्याला निदान आपण वाईट करतो हे कळत होतं.

मग त्यांनी ठरवून, सावकाश, एकेक शब्द मोजून सांगितलं. "तुमच्या सगळ्या परत आल्या. त्या फडक्यातल्या तेवढ्या ठेवून घेतल्या. चीनला गेल्या त्या फक्त माझ्या हातच्या. कोऱ्या."

त्यांना वाटलं होतं, बायांच्या माना खाली जातील. तसं झालं नाही. "अगं माझे आई!" असं म्हणून बनाबाई मटकन खाली बसली. मागं कुणीतरी तोंडात पदर कोंबला. पोरांना कोरं कापड गेलं, जिवंत जखमांना मढ्याचं कापड लागणार, आता त्यांचं कसं व्हायचं, असा एकच गलका उठला. परक्या मुलखातल्या, कधी न बघितलेल्या पोरांसाठी हिर्डोशीच्या बाया खऱ्या डोळ्यांनी रडू लागल्या. आपल्या पट्ट्या परत आल्या याचं कुणाला काही नव्हतं. सगुणाबाईंच्या गेल्या, याचं होतं.

सगुणाबाईंनी रिकामं पोतं झटकलं आणि घडी केली. त्या ओट्याची पायरी उतरल्या.

बनाबाई डोळे पुसत उठली आणि त्यांच्या मागोमाग आली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती माया होती, आणि तेच सगुणाबाईंना सहन होईना. "बाई, आमी परत करतो. म्हनाल तर बिननारळाचं करतो, नुसतं बारीक बोट लावतो, कुनास्नी दिसायचं बी न्हाई. तुमी बी या. पर ह्या बारीला तुमी हात लावू नगा. तुमी नुसतं बसून सांगा."

सगुणाबाई थांबल्या. वळल्या. ओठाचा कोपरा खाली गेला, जसा भोरात जाई तसाच.

"तिथं माझ्याशिवाय कुणाचाच हात चालत नाही, बनाबाई," त्या म्हणाल्या.

"त्येच तर लई वंगाळ झालं, बाई," बनाबाई म्हणाली, आणि पुन्हा डोळ्यांना पदर लावून रडू लागली.